राकसकोपच्या पाणलोटाचा नकाशा करताना

पावसाळा सुरू झाला की बेळगाव शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत नियमाने छापून येते. २४७५ फूट म्हणजे जलाशय तुडुंब भरला, हे शहरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हे पाणी ज्या ओढ्यानाल्यांतून येते, ते कोणत्या गावच्या कोणत्या शिवारातून वाहतात, त्यांतले कोणते दिवाळीपर्यंत टिकतात आणि कोणते गणपतीनंतरच आटतात, हे दाखवणारा नकाशा मला आमच्या पश्चिम भागात कुठेही पाहायला मिळाला नव्हता. मार्कंडेय नदी बैलूरच्या डोंगरात उगम पावते, राकसकोपला अडवली जाते आणि पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, एवढे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आले. गावातील वाचनालयाच्या मंडळींनी ओढ्यांवर वनराई बंधारे कुठे घालावेत याचा विचार सुरू केला, तेव्हा भूगोलाची शिक्षिका म्हणून नकाशाचे काम माझ्याकडे आले. संगणकावर नकाशा तयार करण्याची रीत मी या कामाच्या निमित्तानेच शिकले. त्यासाठी क्यूजीआयएस ही मुक्त आणि विनामूल्य प्रणाली वापरली.

आरंभ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशापासून केला. या नकाशांची क्रमांकपद्धती एकदा समजली की कायमची लक्षात राहते. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा मोठ्या चौकटीला एक अंक असतो. तिचे सोळा भाग पाडून त्यांना इंग्रजी अक्षरे दिलेली असतात. आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग होऊन १:५०,००० प्रमाणाचा एकेक नकाशा तयार होतो. आमचा भाग ४८ आय या चौकटीत येतो. बेळगाव शहरातून ७४ अंश ३० मिनिटांचे रेखावृत्त जात असल्याने शहर ४८ आय/५ आणि ४८ आय/९ अशा दोन पत्रकांत विभागले गेले आहे. राकसकोप मात्र त्यांपैकी पश्चिमेकडच्या पत्रकात येते. या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. साहजिकच अर्ध्या मिलिमीटर जाडीची ओढ्याची निळी रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते, मग प्रत्यक्षातला ओढा उडी मारून ओलांडता येण्याजोगा का असेना. संगणकावर तीच रेघ कितीही मोठी करून पाहता येते. पण मोठी केल्याने ती अधिक अचूक होत नाही. प्रमाण हा मूळ कागदाचा गुण आहे, पडद्याचा नव्हे, हे सोबतच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगितले.

पुढची अडचण संदर्भपृष्ठाची होती. पृथ्वी काटेकोर गोल नाही, म्हणून अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी आधी तिच्या जवळपास जाणारा एक गणिती आकार, म्हणजे लंबगोल, गृहीत धरावा लागतो. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, त्याच्या परंपरेतील जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत. मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा निराळा लंबगोल वापरते, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशेही त्याच पद्धतीचे आहेत. दोन पद्धतींमध्ये एकाच जागेचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात आणि आमच्या भागात हा फरक जमिनीवर शंभर मीटरांहून अधिक भरतो. जुन्या नकाशावरची विहीर रूपांतर न करता उपग्रहाच्या चित्रावर ठेवली, तर ती शेजारच्याच्या शेतात जाऊन बसते. म्हणून कोणताही थर, म्हणजे नकाशात एकावर एक ठेवायच्या माहितीचा एकेक पदर, हाती आला की तो कोणत्या संदर्भपद्धतीत आहे हे आधी विचारायचे आणि उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जायचे नाही, असा नियम आम्ही घालून घेतला.

शिवारात फिरून झरे, विहिरी आणि ओढ्यांचे संगम नोंदवण्याचे काम मुलांनी मोबाइलवर केले. उघड्या माळावर साधा मोबाइल साधारण पाच मीटरांच्या आत जागा दाखवतो. दाट झाडीत किंवा ओढ्याच्या खोल घळीत मात्र आकाशाचा तुकडाच लहान दिसतो. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, ते धड मिळत नाहीत, काही संदेश कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात, आणि पडद्यावरचा ठिपका उभ्या जागी भटकू लागतो. तरीही ॲप आकडा लिहिताना दशांश चिन्हापुढे आठ-आठ अंक दाखवते. पाचव्या अंकाचे मोल जमिनीवर सुमारे एक मीटर असते; त्यापुढचे अंक मोबाइलच्या कुवतीपलीकडचे असतात. अंकांची संख्या आणि मापनाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या साऱ्या कामातून मला काही सांगायचे असेल, तर ते मुख्यतः एवढेच आहे. नकाशातला बिंदू कुठे आहे याच्या जोडीला तो तिथे कितपत खात्रीने आहे, हेही लिहिले पाहिजे. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे आम्ही ॲपने दाखवलेली अचूकता, तारीख आणि नोंद घेणाऱ्याचे नाव असे रकाने ठेवले. पुढे जिथे जिथे शंका आली, तिथे या रकान्यांनीच वाट दाखवली.

उंचीची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. बेळगाव रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिच्याजवळ उभे राहून मोबाइलच्या जीपीएसने दिलेली कच्ची उंची पाहिली, तर ती पाटीपेक्षा सुमारे ७० मीटरांनी कमी होती. मुलांना यंत्र बिघडल्यासारखे वाटले. वास्तविक दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. जीपीएस उंची मोजते ती त्या गणिती लंबगोलापासून. पाटीवरची उंची मोजलेली असते ती सरासरी समुद्रपातळीपासून, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या भूरूपाच्या पृष्ठापासून. दक्षिण भारतात हे दुसरे पृष्ठ लंबगोलाच्या बरेच खाली आहे आणि आमच्या भागात हे अंतर ६० मीटरांहून अधिक आहे. वर्तमानपत्रातले २४७५ फूट म्हणजे साधारण ७५४.४ मीटर; ही समुद्रपातळीपासूनची उंची आहे. मोबाइलची कच्ची उंची आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहिला, तर जलाशयाच्या काठावर उभा असलेला माणूस कागदोपत्री पाण्याखाली जातो.

पाणलोटाची हद्द काढण्यासाठी मात्र मोबाइलची उंची उपयोगाची नव्हती. त्यासाठी संपूर्ण प्रदेशाच्या उंचीचे जाळे लागते. इथे रास्टर आणि व्हेक्टर हा भेद समजून घ्यावा लागला. विहीर हा बिंदू, ओढा ही रेषा आणि तळे हे क्षेत्र, अशा आकृत्यांनी जी माहिती साठवली जाते ती व्हेक्टर. सगळी जमीन सारख्या चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिला की ती रास्टर. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. ती एसआरटीएम नावाची माहिती आज कोणालाही मिळते आणि तिचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाजूचा असतो. इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेले उंचीचे जाळेही भुवन या संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

या जाळ्यावरून संगणक पाण्याची वाट ज्या रीतीने शोधतो, ती मला फार आवडली. तो प्रत्येक चौकोनाभोवतीचे आठ शेजारी तपासतो आणि ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र आहे त्या एकाकडे पाणी वळवतो. असे सगळे चौकोन जोडत गेले की वरून किती चौकोनांचे पाणी एका जागी येते हे मोजता येते, आणि जिथे हा आकडा मोठा होतो तिथे ओढा उमटतो. त्यापूर्वी खड्डे भरावे लागतात, कारण आजूबाजूच्या आठांहून खोल असलेल्या चौकोनात पाणी अडकून बसते. पण आमच्याकडे काही खड्डे खरोखरच खड्डे आहेत, गावतळी आहेत. संगणकाने ती भरून टाकू नयेत म्हणून त्यांची यादी मुलांनी आधीच केली होती आणि ती तळी आम्ही जाळ्यात हाताने राखली.

जलाशयाच्या बाबतीत वेगळाच प्रश्न उभा राहिला. एसआरटीएमच्या शुद्ध केलेल्या आवृत्तीत मोठे जलाशय एकाच उंचीचे सपाट पृष्ठ म्हणून दाखवलेले असतात, आणि ती पातळी मोजणीच्या दिवसांतली, म्हणजे फेब्रुवारीतली असते. त्या महिन्यात राकसकोप भरलेले नसते. शिवाय या जाळ्यातली उंची पूर्ण मीटरांत लिहिलेली असते, तर वर्तमानपत्रातली पातळी फुटाफुटाने चढते. एक फूट म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर. तेव्हा पाणी एका दिवसात फूटभर चढले तर काठ किती पुढे सरकला, हे या माहितीवरून काढताच येत नाही. तशी मागणी वाचनालयातील काहींनी केली होती, आणि ती रंगीत चित्रे काढून देणे कठीणही नव्हते; मी मात्र नकार दिला. जे मोजलेलेच नाही ते रंगवून दाखवणे मला मान्य नव्हते.

सर्वांत अधिक वेळ जलविभाजकाने, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाटले जाते त्या माथ्यावरच्या रेषेने घेतला. आमच्या पाणलोटाच्या दक्षिणेला मलप्रभेचे खोरे लागते, उत्तरेला ताम्रपर्णीचे, आणि पश्चिमेला घाटमाथा ओलांडला की पाणी तिलारीकडे आणि पुढे अरबी समुद्राकडे जाते. एका चौकोनाची चूक झाली तर तेवढ्या जमिनीचे पाणी बंगालच्या उपसागराऐवजी अरबी समुद्रात जाते, असा हा प्रदेश आहे. रडारचा संदेश दाट जंगलात जमिनीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, झाडांच्या शेंड्यांच्या आसपासून परततो. त्यामुळे जिथे झाडी उंच तिथे जमीनच उंच असल्यासारखी दिसते. एका सपाट पठारावर संगणकाने जलविभाजक जिथे दाखवला होता, तिथे मोठी राई होती आणि प्रत्यक्षातला चढ तिच्या अलीकडेच संपत होता. पावसाळ्यात छत्री घेऊन तिथे उभे राहिले की पाणी कोणत्या बाजूला धावते हे डोळ्यांना दिसते. गुरे चारणाऱ्या मंडळींना तर ते कोणी सांगावे लागत नाही. त्यांनी दाखवलेल्या जागा आम्ही जीपीएसने नोंदवल्या आणि त्या टप्प्यातली रेषा तुटक ठेवून तिच्या नोंदीत ‘प्रत्यक्ष पाहणीवरून’ असे लिहिले.

क्षेत्रफळ काढण्याआधी प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कोणत्या रीतीने मांडायची याचा, निर्णय घ्यावा लागला. अक्षांश-रेखांश हे कोन असल्यामुळे त्यांतून थेट एकर-गुंठे निघत नाहीत. आमच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०७ किलोमीटर, तर एक अंश अक्षांश ११० किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. मोबाइलवरचे रस्त्यांचे नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, त्यात आमच्याकडची क्षेत्रे सुमारे आठ टक्क्यांनी फुगतात. वाट शोधण्यापुरते ते चालते. तळ्याचे क्षेत्र सांगायला चालत नाही. त्यामुळे सर्व थर आम्ही यूटीएम या, पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरांत मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात आणले. हा पट्टा ७२ ते ७८ अंश रेखांशांचा असून त्याचे मध्यवृत्त ७५ अंशांवर, म्हणजे आमच्यापासून फार दूर नाही. इथे एका किलोमीटरमागे सुमारे ३५ सेंटीमीटर एवढीच घट येते. आकडे मीटरांत मिळतात, आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा हे ज्यांना तोंडपाठ आहे अशा शेतकऱ्यांशी बोलताना मीटरांवरून गुंठ्यांवर येणे सोपे जाते.

त्यानंतर गावनकाशांकडे वळलो. आमच्या बाजूचे गावनकाशे मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीपासून चालत आलेले, १:७९२० प्रमाणाचे, म्हणजे मैलाला आठ इंच. अशा कागदाचे छायाचित्र संगणकात घेतले तरी त्याला पृथ्वीवरची जागा ठाऊक नसते. ती भूसंदर्भनाने द्यावी लागते. कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील अशा खुणा शोधायच्या, त्यांचे सहनिर्देशक, म्हणजे पृथ्वीवरची जागा सांगणारे आकडे, द्यायचे, आणि सारा कागद त्यांवर बसवायचा. साध्या रूपांतराला तीन खुणा पुरतात. परंतु तीनच दिल्या तर त्या तंतोतंत जुळतात आणि चूक किती आहे हे कळायला काही उरत नाही. म्हणून अधिक खुणा घ्याव्यात आणि प्रत्येकीवर उरणारे अंतर पाहावे. रबरासारखा कागद ताणून प्रत्येक खुणेवर शून्य अंतर दाखवणारी रूपांतरेही या प्रणालीत आहेत. ती दिसायला देखणी असली तरी मी टाळली, कारण त्यांत चुकीची खूणसुद्धा निमूटपणे मान्य होते.

आमच्या एका गावनकाशात सगळ्या खुणांवर थोडेथोडे अंतर राहिले, आणि देवळाच्या कोपऱ्यावर मात्र ते चाळीस मीटरांच्या घरात गेले. चौकशी केली तेव्हा कळले की जीर्णोद्धाराच्या वेळी देऊळ जुन्या जागेवरून वरच्या अंगाला नव्याने बांधले आहे. ती खूण आम्ही वगळली. दुसऱ्या एका टोकाला तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड कागदाशी जुळत नव्हता. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना सारा गाव आप्पा म्हणतो, आमच्याबरोबर बांधावर आले आणि दगडाभोवतीची घाणेरी विळ्याने साफ करून म्हणाले, “बाई, दगुड हाय त्या जाग्यालाच हाय, कागुद सरकल्याला असंल.” कागद पाहिला तर खरोखरच त्या टोकाला जुनी घडी होती आणि घडीजवळचा भाग आक्रसलेला होता. या प्रमाणावर कागदाचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ आठ मीटर, म्हणून घडीचा परिणाम बांधावर उभे राहिल्यावर लगेच कळतो.

आमच्या भागातला खरा पेच राज्याच्या हद्दीवर येतो. राकसकोपच्या पाणलोटाचा काही भाग चंदगड तालुक्यात, तुडयेच्या बाजूला आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. आता तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यामुळे अलीकडच्या गावांचे सर्व्हे नंबर कर्नाटकाच्या दिशांक ॲपवर पाहता येतात, तर पलीकडचे गट नंबर महाराष्ट्राच्या भूनकाशा संकेतस्थळावर. दोन्ही बाजूंच्या हद्दी एकाच पडद्यावर आणल्या तेव्हा त्या जुळल्या नाहीत. कुठे दोन रेषांमध्ये चिंचोळी पट्टी उरली, जी कोणत्याच गावाची नव्हती. कुठे त्या एकमेकींवर चढल्या आणि तेवढी जमीन दोन्ही गावांची झाली. शेजारशेजारच्या क्षेत्रांची कडा एकच असावी, मध्ये फट किंवा दुपदर नसावा, या नियमांना संस्थिती म्हणतात, आणि असे दोष शोधण्याची सोय क्यूजीआयएसमध्ये आहे. दोष सापडणे सोपे होते, तो मिटवायचा कोणत्या बाजूने हे ठरवणे अवघड. रेषा अलीकडे ओढावी तर एका गावाचे नुकसान, पलीकडे ओढावी तर दुसऱ्याचे. आणि सीमाभागात अशी रेघ कोणी सहज काढू नये असे मला मनापासून वाटते. आम्ही दोन्ही बाजूंच्या हद्दी जशा मिळाल्या तशाच स्वतंत्र थरांत ठेवल्या, नकाशाच्या तळाशी ‘हा नकाशा हद्दीचा पुरावा नाही’ असे ठळक लिहिले, आणि पाणलोटाचे क्षेत्र त्यांच्यापासून पूर्णपणे वेगळे काढले. ओढ्यांचे जाळे तुडयेपासून राकसकोपपर्यंत सलग आहे. ते हद्दीवर तोडण्याचे आम्हाला कारण नव्हते.

माहितीचा तक्ता भरण्याविषयी थोडक्यात सांगते. प्रत्येक आकृतीमागे एक ओळ असते आणि त्या ओळीत तिचे गुणधर्म असतात. शेपफाइल या जुन्या आणि सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात रकान्याचे नाव दहा अक्षरांहून मोठे देता येत नाही, एक थर अनेक धारिकांत (फाइलींत) विखुरलेला असतो, आणि त्यांतली संदर्भपद्धती सांगणारी पीआरजे धारिका पाठवताना गळली की पुढचा माणूस अंधारात राहतो. देवनागरी आणि कन्नड अक्षरांची सांकेतिक पद्धती नीट नोंदवली नसेल तर गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे होतात. ग्रामपंचायतीचे काम कन्नडमध्ये चालते आणि गावातले लोक मराठीत वाचतात, म्हणून आम्हाला दोन्ही लिपींतली नावे हवीच होती. जिओपॅकेज या एकाच धारिकेच्या स्वरूपात ही सोय विनासायास झाली. झरे आणि पायवाटा ओपनस्ट्रीटमॅपवर घालताना तिथेही मराठी आणि कन्नड नावांसाठी स्वतंत्र जागा असल्याचे पाहून मुलांना आनंद झाला. तिथे इतर कंपन्यांच्या नकाशांवरून उचललेली माहिती चालत नाही, स्वतः पाहिलेली किंवा परवानगी असलेलीच घालायची असते, हेही त्यांना नीट समजावून सांगितले.

छापील नकाशा आता वाचनालयाच्या भिंतीवर आहे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे दिली आहे. ओढ्यांच्या रेषा तीन प्रकारच्या आहेत: चालत जाऊन नोंदवलेल्या सलग, उपग्रहचित्रावरून काढलेल्या बारीक, आणि केवळ उंचीच्या जाळ्यावरून निघालेल्या तुटक. बंधाऱ्यांच्या जागा निवडताना समितीने फक्त सलग रेषांचा विचार करावा, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. बैलूरच्या बाजूच्या बऱ्याच रेषा अजून तुटक आहेत. पाऊस उघडला आणि घळीतली वाट सुकली की मुले तिकडून सुरुवात करणार आहेत.